वंश खोटा, मग वंशद्वेष खरा कसा?

समाजशास्त्राच्या एका एम.ए.च्या विद्यार्थिनीने लांबलचक प्रश्न पाठवला आहे. थोडक्यात तो असा: वंश ही कल्पना जीवशास्त्रात टिकत नाही असं आता सगळेच सांगतात, मग समाजशास्त्र अजून तिच्या मागे का लागलं आहे? जे नाहीच ते मोजायचं कसं? 'वंशद्वेष' हा सरळ शब्द असताना 'वांशिकीकरण' हे अवजड प्रकरण कशाला? जात म्हणजे वंशच का? आणि शेवटी, प्रबंधाच्या प्रश्नावलीत वंशाचा प्रश्न घालायचा तर कसा घालायचा?

पंचवीसेक वर्षं मी हा विषय शिकवते आहे आणि जवळपास तेवढाच काळ मुलाखती घेते आहे, तेव्हा उत्तर लांबणार. प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत, म्हणून तुमचा क्रम मी पाळणार नाही.

आधी आपला शब्दच बघा. 'वंशाचा दिवा', 'वंशावळ', 'निर्वंश'. मराठीतला वंश म्हणजे कुळाचा वेल. कातडीच्या रंगाशी त्याचं देणंघेणं नाही. इंग्रजीतल्या 'रेस'ला प्रतिशब्द हवा होता तेव्हा हाच शब्द कामाला लावला गेला. दुसरीकडे 'वर्ण' म्हणजे रंगही आणि चातुर्वर्ण्यातली पायरीही. त्यातून 'वर्णद्वेष' आला. वर्तमानपत्रात एकाच बातमीत वर्णद्वेष, वंशद्वेष आणि वंशवाद असे तिन्ही शब्द आलटून पालटून येतात, आणि वर्गात कोणीतरी दरवर्षी तक्रार करतं की मराठीत याला नेमका शब्दच नाही. मला ही तक्रार पटत नाही. रक्ताची रेघ, कातडीचा रंग आणि समाजातली पायरी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकच आहेत असं लोकांच्या गळी उतरवणं, हेच वंशकल्पनेचं सगळं कसब. आपल्या शब्दांत ती जोडणी उघडी दिसते.

जीवशास्त्राचं लवकर उरकते. जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवाँटिन यांनी १९७२ साली रक्तगट आणि रक्तातली प्रथिनं यांच्या आधारे हिशेब मांडला. माणसांमधल्या एकूण जनुकीय विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के विविधता एकाच लोकसमूहाच्या आत सापडली. ज्यांना आपण वेगवेगळे वंश म्हणतो त्यांच्यातल्या फरकाच्या वाट्याला जेमतेम ६ टक्के आली. यावर पुढे वाद झाले. एखाद्याच्या जनुकांवरून त्याचे पूर्वज साधारण कुठल्या भागातले होते हे आज सांगता येतं, तेही खरंच. पण तो उतार आहे, प्रदेशागणिक हळूहळू बदलत जाणारा. त्यावर रेघ कुठे मारायची हे जनुकं सांगत नाहीत. सिकल सेल हा रक्तपेशींचा आनुवंशिक आजार अमेरिकेत 'काळ्यांचा आजार' म्हणून ओळखला गेला. प्रत्यक्षात तो हिवतापाच्या पट्ट्यातला आजार: पश्चिम आफ्रिकेत आहे, ग्रीसमध्ये आहे, अरबस्तानात आहे, भारतातल्या आदिवासी भागांत आहे, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा लोकांत जवळपास नाही.

याच वळणावर एक मराठी वाचकांना जवळची वाटेल अशी गोष्ट आहे. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होत्या. फिशर हे सुप्रजननशास्त्राचे, म्हणजे 'चांगल्या' रक्ताचीच पैदास वाढवावी या विचाराचे, मोठे पुरस्कर्ते. पुढे नाझी राजवटीने त्यांचं शास्त्र भरपूर वापरलं. त्यांनी कर्वेंना दिलेलं काम असं: गोऱ्या युरोपियनांच्या कवट्या डावी-उजवीकडे असमान असतात आणि त्या असमानतेचा संबंध तर्कबुद्धीशी आहे, इतर वंशांत तसं नसतं, हे कवट्या मोजून दाखवायचं. कर्वेंनी १४९ कवट्या मोजल्या आणि असमानतेचा वंशाशी संबंध लागत नाही असं लिहून दिलं. मार्गदर्शकाच्या सिद्धांताविरुद्ध, परक्या देशात, परक्या भाषेत. पुढे मानवशास्त्रात त्यांनी स्वतःही मोजमापं घेतलीच, त्यामुळे त्यांना निव्वळ नायिका करून सोडून देऊ नका. पण त्या प्रबंधापुरतं बोलायचं तर आकड्यांनी त्यांना जे सांगितलं ते त्यांनी बदललं नाही.

आता मुख्य मुद्दा. बहुतेकांच्या डोक्यात क्रम असा असतो: आधी वेगवेगळे वंश होते, मग त्यांची गाठ पडली, मग द्वेष निर्माण झाला, मग भेदभाव सुरू झाला. नोंदी चाळल्या की क्रम उलटा निघतो.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीत १६४० साली एका मालकाचे तीन नोकर पळून मेरीलँडला गेले. एक डच, एक स्कॉटिश आणि तिसरा जॉन पंच नावाचा आफ्रिकी. तिघे पकडले गेले. तिघांनाही तीस-तीस फटके. पहिल्या दोघांची चाकरी चार वर्षांनी वाढली, एक वर्ष मालकाकडे आणि तीन वसाहतीकडे. जॉन पंचला मात्र उरलेलं सगळं आयुष्य चाकरी. गुन्हा एक, पळण्याची रात्र एक, फटके सारखे. फरक फक्त मुदतीत. त्या वेळी तिथे आजन्म गुलामीचा सर्वांगीण कायदा अजून झालेला नव्हता. तो पुढे तुकड्यातुकड्याने शिवला गेला. १६६२ साली ठरलं की मुलाचा दर्जा आईवरून ठरेल. इंग्लंडच्या रिवाजात तो बापावरून ठरे. इथे तो उलटवला, कारण गुलाम बाईला मालकापासून झालेलं मूल मालकाच्याच मालमत्तेत जमा व्हावं. १६६७ साली ठरलं की बाप्तिस्मा घेतला म्हणून गुलामी सुटत नाही, म्हणजे 'ख्रिस्ती विरुद्ध मूर्तिपूजक' ही जुनी रेघ पुसून नवी मारावी लागली. १६७६ मध्ये नॅथॅनियल बेकनने तिथल्या गव्हर्नरविरुद्ध केलेल्या बंडात गोरे बंधनी मजूर आणि आफ्रिकी गुलाम एकाच बाजूला हत्यार घेऊन उभे राहिले, आणि जमीनदारांची पाचावर धारण बसली. व्हर्जिनियाच्या १७०५ च्या नोकर-गुलामांविषयीच्या संहितेत गोऱ्या ख्रिस्ती नोकराला न्यायाधीशाच्या हुकमाशिवाय उघडं करून फटके मारायचे नाहीत, आणि पुरुष नोकराची मुदत संपली की मालकाने त्याला दहा बुशेल मका, तीस शिलिंग आणि एक बंदूक द्यायची, असं लिहिलं गेलं.

ती बंदूक लक्षात ठेवा. गोरेपणा म्हणजे काय हे त्या काळच्या एखाद्या गरीब नोकराला कवट्यांच्या शास्त्राने शिकवलं नाही. त्याला ते मका, शिलिंग आणि बंदूक यांच्या रूपाने हातात मिळालं. कवट्यांचं शास्त्र शंभरेक वर्षांनी आलं. जर्मन शरीरशास्त्रज्ञ ब्लूमेनबाख यांनी १७९५ मध्ये 'कॉकेशियन' हा शब्द रूढ केला, तोही त्यांच्या संग्रहातली जॉर्जियातल्या एका स्त्रीची कवटी त्यांना सर्वांत सुंदर वाटली म्हणून.

तर वांशिकीकरण म्हणजे हे काम. माणसांच्या एखाद्या गटाला रंगावरून, नावावरून, धर्मावरून किंवा बोलीवरून जन्मतःच वेगळ्या मुशीतला ठरवायचं, आणि त्या ठरवण्यावर मजुरी, जमीन, लग्न, नागरिकत्व यांची वाटणी बसवायची. वसाहतवादाचे टीकाकार फ्रान्झ फॅनन यांनी हा शब्द वापरला, ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ मायकेल बँटन यांनी १९७७ मध्ये तो समाजशास्त्रात रुळवला, रॉबर्ट माइल्स यांनी त्याला धार दिली. अमेरिकेत ओमी आणि विनंट यांनी १९८६ मध्ये जवळपास हीच गोष्ट 'वंशघडण' म्हणून मांडली आणि त्यात सरकारचा हात मोठा आहे हे ठासून सांगितलं. तुमच्या 'जे नाहीच ते मोजायचं कसं' या प्रश्नाचं माझं उत्तर यातच आहे. आपण वंश मोजत नाही. वर्ग पाडणारा हात कोणाचा, तो कधी चालला आणि त्याने कोणाच्या ताटात काय पडलं, हे मोजतो. वंशद्वेष हा शब्द पुरत नाही तो एवढ्यासाठी, की त्यात वंश आधीपासूनच तयार असल्यासारखा गृहीत धरलेला असतो.

हा हात अगदी जवळून बघायचा असेल तर भगतसिंग थिंद यांचा खटला वाचा. अमेरिकेत १७९० च्या कायद्याने 'मुक्त गोऱ्या व्यक्तीलाच' नागरिकत्व मिळे. यादवी युद्धानंतर आफ्रिकी वंशाच्या लोकांची त्यात भर पडली. बाकीच्यांना कोर्टात सिद्ध करावं लागे की आपण गोरे आहोत. १९२२ च्या नोव्हेंबरात ताकाओ ओझावा या जपानी माणसाचा दावा सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. गोरा म्हणजे कॉकेशियन, जपानी माणूस कॉकेशियन नाही, निकाल संपला. तीन महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १९२३ रोजी, थिंद यांचा निकाल आला. अमृतसर भागातले शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात राहिलेले. त्यांचा युक्तिवाद सरळ होता: तुमचेच शास्त्रज्ञ उत्तर भारतीयांना कॉकेशियन म्हणतात, आणि गोरा म्हणजे कॉकेशियन हे तुम्ही आत्ताच ठरवलंत. न्यायालयाने सांगितलं, शास्त्र काही म्हणो, सामान्य माणसाच्या समजुतीत गोरा म्हणजे कोण ते महत्त्वाचं, आणि त्या समजुतीत हा गृहस्थ बसत नाही. दोन्ही निकालपत्रं एकाच न्यायमूर्तींची, जॉर्ज सदरलँड यांची. ते स्वतः इंग्लंडात जन्मलेले, बाहेरून आलेले.

शास्त्र सोयीचं होतं तोवर शास्त्र, गैरसोयीचं झालं की लोकांची समजूत. या निकालाच्या आधाराने आधी नागरिक झालेल्या अनेक भारतीयांचं नागरिकत्व काढून घेण्यात आलं. थिंद यांना ते पुढे १९३६ मध्ये मिळालं, माजी सैनिक म्हणून. गोरे म्हणून नाही.

पण हा खटला मी वर्गात दुसऱ्याच कारणासाठी शिकवते. थिंद यांच्या बाजूने मांडलेल्या लेखी युक्तिवादात असंही होतं की उच्च जातीचा हिंदू लग्नसंबंधाच्या बाबतीत भारतातल्या मूळच्या आदिवासी लोकांकडे तसाच बघतो, जसा अमेरिकन माणूस निग्रोकडे बघतो. म्हणजे मला गोरा माना, कारण तुच्छ लेखायला माझ्याकडेही माणसं आहेत. हे वाचून वर्गात नेहमी थोडा वेळ कोणी बोलत नाही.

त्याच देशाच्या जनगणनेत १९२०, १९३० आणि १९४० साली 'हिंदू' हा एक वंश होता. त्यात शीखही आले आणि मुसलमानही. १९७० च्या जनगणनेत भारतीय लोक गोऱ्यांत मोजले गेले. १९८० मध्ये त्यांना 'एशियन इंडियन' असा वेगळा रकाना मिळाला, आणि तो मिळावा म्हणून भारतीयांच्या संघटनांनी स्वतः खटपट केली होती, कारण तोवर अल्पसंख्याकांसाठी योजना आल्या होत्या आणि गोरे म्हणून मोजलं गेलं तर त्यांत वाटा नव्हता. १९३० साली तिशीत असलेला आणि १९८० पर्यंत तिथेच राहिलेला एखादा म्हातारा या हिशेबाने तीन वंशांतून गेला. त्याला फक्त गणक बदललेले दिसले असतील.

दुसरा भाग: वंशद्वेष मनात असतो की व्यवस्थेत?

१९६७ मध्ये काळ्यांच्या चळवळीतले स्टोकली कारमायकल आणि राज्यशास्त्रज्ञ चार्ल्स हॅमिल्टन यांनी 'संस्थात्मक वंशवाद' ही कल्पना मांडली तेव्हा अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहराचं उदाहरण दिलं होतं. तिथे १९६३ मध्ये चर्चमध्ये बॉम्ब ठेवून चार काळ्या मुलींना मारलं गेलं, आणि देशभर हळहळ झाली. त्याच शहरात अन्न, निवारा आणि औषधोपचार धड नसल्यामुळे दरवर्षी पाचशे काळी बाळं दगावत होती, आणि त्यासाठी बॉम्ब ठेवणारा कोणी नव्हता. समाजशास्त्राला मुख्यतः या दुसऱ्या आकड्याचं कोडं सोडवायचं आहे.

ब्रिटनमध्ये हीच कल्पना अधिकृत व्हायला १९९९ उजाडलं. १९९३ मध्ये लंडनला बसची वाट बघत असलेल्या स्टीफन लॉरेन्स या अठरा वर्षांच्या काळ्या मुलाचा खून झाला. पोलिसांनी तपासाचा बट्ट्याबोळ केला. मॅकफर्सन चौकशी अहवालाने लंडनच्या पोलीस दलात संस्थात्मक वंशवाद आहे असं नोंदवलं. रंग, संस्कृती किंवा मूळ यांमुळे लोकांना योग्य सेवा देण्यात संस्थेला एकत्रितपणे आलेलं अपयश, असा त्याचा अर्थ लावला. प्रत्येक शिपाई द्वेष्टा आहे असं अहवाल म्हणत नव्हता. टीकाकारांनी मात्र तसंच वाचलं, आणि अजून वाचतात.

घरांचं उदाहरण घेतलं की यंत्रणा स्पष्ट दिसते. अमेरिकेत १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले: हिरवा भाग उत्तम, मग निळा, मग पिवळा, आणि लाल म्हणजे धोक्याचा. काळ्यांची वस्ती बहुतेक लाल रंगात गेली. त्या नकाशांनीच किती नुकसान केलं आणि १९३४ नंतर कर्जाला सरकारी हमी देणाऱ्या दुसऱ्या खात्याच्या नियमांनी किती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मला दुसऱ्या खात्याचा दोष मोठा वाटतो. काही असो, कर्ज नाही म्हणून घर नाही, घर नाही म्हणून पुढच्या पिढीला तारण नाही. १९६८ च्या कायद्याने घरांच्या व्यवहारात भेदभाव करायला बंदी झाली. पण कायदा पुढचं दार उघडतो, मागे साठलेलं परत करत नाही. फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत मधोमधच्या गोऱ्या कुटुंबाची संपत्ती २,८५,००० डॉलर होती आणि काळ्या कुटुंबाची ४४,९००. हा सहापटीहून जास्त फरक आहे, आणि उत्पन्नातला फरक याच्या जवळपासही जात नाही. पगार दर महिन्याला नव्याने मिळतो. संपत्तीत आजोबांचा नकाशा असतो.

समाजशास्त्रज्ञ एदुआर्दो बोनिया-सिल्व्हा यांनी १९९७ पासून हेच लावून धरलं आहे: वंशवाद टिकायला वंशद्वेष्टे लागत नाहीत. माझ्या मुलाखतींत हे मला पुन्हा पुन्हा भेटलं. एका शहरात भाड्याची घरं दाखवणारा एक दलाल दीड तास माझ्याशी मनमोकळं बोलला. "आम्ही कोणाला नाही म्हणत नाही, मालकाला काय चालतं तेवढं बघतो," हे वाक्य त्याने तीनदा उच्चारलं. चहा आणायला तो आत गेला तेव्हा त्याची वही टेबलावर उघडीच होती. भाडेकरूंच्या नावांपुढे बारीक टिंबं होती, काहींपुढे एक, काहींपुढे दोन. परत आल्यावर मी विचारलं. तो लाजला नाही, दचकला नाही. म्हणाला, "ती वेळ वाचवायला." दोन टिंबांच्या माणसांना तो ठराविक तीन इमारतींतलीच घरं दाखवत असे, कारण बाकीकडे नकार येणार हे त्याला माहीत होतं. त्याला कोणाचाही राग नव्हता. मात्र त्या तीन इमारती आता 'त्यांच्या' झाल्या होत्या, आणि मालक त्याच इमारतींकडे बोट दाखवून म्हणत, बघा, ही माणसं एकमेकांतच राहतात.

आता मोजण्याबद्दल, कारण नुसती वही दाखवून प्रबंध होत नाही. या क्षेत्रातली सर्वांत खणखणीत पद्धत म्हणजे क्षेत्रप्रयोग. देवा पेजर यांनी मिलवॉकी शहरात तरुणांच्या जोड्या नोकरी मागायला पाठवल्या. एक जोडी गोरी, एक काळी. शिक्षण, अनुभव, बोलणं शक्य तितकं सारखं, आणि प्रत्येक जोडीतला एक जण आळीपाळीने सांगणार की आपण तुरुंगात जाऊन आलो आहोत. २००३ मध्ये निष्कर्ष छापले. तुरुंग न पाहिलेल्या गोऱ्याला ३४ टक्के ठिकाणांहून पुन्हा बोलावणं आलं, तुरुंगातून आलेल्या गोऱ्याला १७ टक्के. तुरुंग न पाहिलेल्या काळ्याला १४. तुरुंगातून आलेल्या काळ्याला ५. मधल्या दोन आकड्यांवर थांबा: शिक्षा भोगलेला गोरा आणि निष्कलंक काळा यांत गोरा थोडा पुढेच राहिला.

दुसऱ्या प्रयोगात, बर्ट्रांड आणि मुल्लईनाथन यांनी २००४ मध्ये छापलेल्या, बॉस्टन आणि शिकागोत सुमारे पाच हजार अर्ज धाडले गेले. गोरं वाटणारं नाव असलं की बोलावणं साधारण दीडपट. यावरचा आक्षेप रास्त आहे: नावात वंशाबरोबर वर्गही बोलतो. 'लकीशा' हे नाव वाचून मालकाला काळी मुलगी दिसते की गरीब मुलगी? म्हणून नुसत्या नावांच्या प्रयोगावर विसंबू नये. अशा अनेक प्रयोगांचं २०१७ मध्ये एकत्र विश्लेषण झालं, त्यात अमेरिकेतल्या काळ्या उमेदवारांबाबतचा भेदभाव पंचवीस वर्षांत कमी झाल्याचं दिसलं नाही. पण या पद्धतीची नजर दारापर्यंतच पोचते. आत गेल्यावर बढती कोणाला, रात्रपाळी कोणाला, हे तिला दिसत नाही. तिथे मुलाखती आणि जुने हजेरीपट लागतात.

आणि या सगळ्यांच्या आधी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस हे काळे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आहेत. १८९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना 'असिस्टंट' असं किरकोळ पद देऊन फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डातल्या काळ्या वस्तीची पाहणी करायला ठेवलं. त्यांनी एकट्याने दारोदार जाऊन माहिती गोळा केली: खोल्या किती, भाडं किती, काम काय, कोण किती शिकलं. काळ्यांचं आजारपण आणि मृत्यू हे त्यांच्या रक्तातच आहे असं विमा कंपन्यांचे हिशेबनीस छातीठोकपणे लिहीत होते तो हा काळ. ड्यू बॉइस यांनी वस्ती, मजुरी, पाणी आणि बंद असलेली कामाची दारं पुढे ठेवली. १८९९ मध्ये ते पुस्तक आलं. शहरी समाजशास्त्राचा आरंभ पुढची कित्येक वर्षं शिकागोच्या गोऱ्या समाजशास्त्रज्ञांपासून शिकवला गेला, याचाही वांशिकीकरणात हिशेब धरायला हरकत नाही.

वंश म्हणजे समाजाने केलेली गोष्ट, तर ती शरीरात शिरत नाही असं मात्र समजू नका. मूत्रपिंडाचं काम किती टक्के चाललं आहे हे रक्तातल्या क्रिएटिनिन या टाकाऊ पदार्थावरून सूत्राने काढतात. २००९ च्या रुळलेल्या सूत्रात रुग्ण काळा असेल तर आलेल्या उत्तराला सुमारे १.१६ ने गुणायचं होतं. आधार काय, तर काळ्या लोकांत स्नायू जास्त असतात ही समजूत. परिणाम असा की तेच रक्त, तोच आकडा, पण काळ्या रुग्णाचं मूत्रपिंड कागदावर जास्त धडधाकट दिसे, आणि प्रत्यारोपणाच्या यादीत त्याचं नाव उशिरा लागे. रुग्ण काळा की नाही हे ठरवायची तपासणी कोणती? नोंदणी खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने टाकलेली खूण, नाहीतर डॉक्टरची नजर. २०२१ मध्ये हा गुणक काढला. व्हर्जिनियातल्या न्यायालयापासून निघालेला हात असा प्रयोगशाळेच्या अहवालापर्यंत पोचतो, आणि वाटेत कोणालाच तो दिसत नाही कारण तो दशांश चिन्हाच्या मागे असतो.

जात म्हणजे वंश का? माझं उत्तर: नाही, पण शेजारी ठेवून अभ्यास करा. वंश म्हणून जात मोजायचा खटाटोप हर्बर्ट रिस्ली या ब्रिटिश अधिकाऱ्याने केला. नाकाची रुंदी जितकी कमी तितकी जात वरची असा त्यांचा दावा होता, आणि १९०१ ची जनगणना त्यांच्या हाताखाली झाली. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९३२ मध्ये या आकड्यांची उलटतपासणी करून दाखवलं की हा नियम देशभर लागू पडत नाही. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये अधिक सोप्या भाषेत सांगितलं की पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वांशिक साठ्यातले, मद्रासचा ब्राह्मण आणि मद्रासचा परैया तसेच. जात एकाच वंशाच्या लोकांचे सामाजिक तुकडे पाडते. तेच बाबासाहेब १९४६ मध्ये ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे निग्रोंनी केलेल्या अर्जाची प्रत मागतात. जात वंश नाही हे माहीत असताना. कारण तुलना रक्ताची नव्हती, वागवणुकीची होती. त्याआधी सत्तर-पंचाहत्तर वर्षं जोतीरावांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली होती, तीही याच समजेने.

संयुक्त राष्ट्रांच्या २००१ च्या वंशवादविरोधी डर्बन परिषदेत भारत सरकारने जातीचा विषय नको म्हणून जोर लावला, युक्तिवाद हाच की जात म्हणजे वंश नाही. वाक्य बरोबर, निष्कर्ष चुकीचा. वांशिक भेदभावाविरुद्धच्या १९६५ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या व्याख्येत वंश आणि रंग यांच्याबरोबर 'डिसेंट', म्हणजे जन्मकुळ, हा शब्द आहे, आणि तो भारताच्याच प्रतिनिधींनी सुचवला होता. 'वंश' या शब्दाचा मराठीतला जुना अर्थ तोच, हे सुरुवातीला बोललोच.

दोन्हींत सारखं काय ते बघा: लग्नाची कुंपणं, जन्मावर बसवलेलं काम, आणि अपमान पिढीजात करण्याची सोय. वेगळं काय तेही बघा: जातीत पायऱ्या अनेक, आणि प्रत्येकाला खाली बघायला कोणीतरी मिळतं; धर्माचा आधार वेगळा; आणि रस्त्यावर चेहरा पाहून ओळख पटत नाही, म्हणून आडनाव विचारावं लागतं. काळे समाजशास्त्रज्ञ ऑलिव्हर कॉक्स यांनी १९४८ मध्येच अमेरिकेतल्या वंशव्यवस्थेला 'जात' म्हणण्याला विरोध केला होता, कारण ती व्यवस्था भांडवली मजुरीतून आली असं त्यांचं म्हणणं. भारताबद्दलची त्यांची समज मला कच्ची वाटते. दलितांचा प्रतिकार त्यांना दिसलाच नाही. तरी वाचा.

प्रश्नावलीचं. 'तुमचा वंश कोणता?' असा एकच प्रश्न घालू नका. ब्राझीलने १९७६ च्या एका पाहणीत लोकांना आपला रंग स्वतःच्या शब्दांत सांगायला सांगितलं तर १३० हून जास्त शब्द आले. त्याच देशात आज राखीव जागांसाठी विद्यापीठांत समित्या बसतात आणि अर्जदाराच्या चेहऱ्याकडे बघून ठरवतात की समाज याला काळा समजेल का. या दोन्हींच्या मध्ये तुमचा प्रश्न आहे. म्हणून चार वेगळे प्रश्न करा, आणि एकमेकांपासून दूर ठेवा: तुम्ही स्वतःला काय म्हणवता, अनोळखी माणूस रस्त्यात तुम्हाला पाहून काय समजेल, सरकारी कागदावर काय लिहिलं आहे, आणि आई-वडिलांचे पूर्वज कुठले. भेदभावाच्या अनुभवाचा प्रश्न या सगळ्यांच्या आधी घ्या, नाहीतर माणूस आधी निवडलेल्या रकान्याला शोभेल असं उत्तर देतो. 'इतर' हा पर्याय ठेवा आणि त्यापुढे चांगली दोन ओळींची जागा सोडा. पहिल्या वीस प्रश्नावल्या भरून आल्या की आकडेमोड करायच्या आधी ज्यांच्या पहिल्या आणि दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं जुळत नाहीत तेवढ्या बाजूला काढा, आणि त्या लोकांना मुलाखतीसाठी पुन्हा फोन करा.